लोडरचा जॅक गळतो : सील बदलण्याआधी एवढे पाहा



उन्हाळ्यात चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा या बाजूच्या गावांतून फिरले की उकिरड्याजवळ नाहीतर गाळाच्या ढिगाजवळ एखादा जुना लहान ट्रॅक्टर पुढे लोडर लावून उभा दिसतो. शेणखत भरायचे, मुरूम ओढायचा, कारखान्यातून आणलेले प्रेसमड वावरात पसरवायचे, अशी कामे तो करतो. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली, तेव्हापासून गाळ पसरवण्याचे आणखी एक काम त्याच्या मागे लागले. मजूर मिळत नाही तेव्हा हाच लोडर चार माणसांचे काम करतो. म्हणून तो जुना झाला तरी कोणी मोडीत काढत नाही.

अशा लोडरची एक तक्रार मात्र घरोघर सारखीच ऐकू येते. जॅक गळतो. मिस्त्री येतो, सील बदलतो, पैसे घेऊन जातो. दोन महिन्यांनी पुन्हा थेंब सुरू. मग आपण म्हणतो, सीलच डुप्लिकेट निघाले. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा सील बिचारे चांगले असते आणि दोष दुसरीकडेच असतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो. गळती हे लक्षण आहे. तिचे कारण न शोधता सील बदलणे म्हणजे नवे सीलही जुन्याच वाटेने घालवणे. हे कारण कसे शोधावे आणि काम करताना जिवाला कसे जपावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

जॅक चालतो कसा

बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात सांगितले. त्यावरून इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. आपल्या वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गठाणी बांधणारा प्रेस ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. लोडरचा जॅक त्याच घराण्यातला.

नळीत म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन, पिस्टनला जोडलेला चकचकीत रॉड, आणि रॉड जिथून बाहेर येतो तिथे झाकणासारखा बसवलेला ग्लँड, एवढाच याचा संसार. समजा नळीचा आतला व्यास ५० मिलिमीटर आहे आणि पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे एक जॅक जवळजवळ तीन टनांचा जोर लावतो. एवढ्या जोराचे तेल आत कोंडून धरतो कोण? बोटभर रुंदीचासुद्धा नसलेला रबराचा एक ओठ!

रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वायसर असे, तो आठवा. वाटीसारखा आकार, आणि वाटीचे तोंड दाबाकडे. हवा जितकी दाबेल तितका वायसर फाकून नळीला घट्ट चिकटतो. जॅकचे सीलही तसेच. तेलाचा दाबच त्याचा ओठ रॉडवर दाबून धरतो. पण त्यासाठी ज्या रॉडवर ओठ टेकतो तो आरशासारखा गुळगुळीत हवा. रॉडच खरबरीत झाला तर तो प्रत्येक फेरीला ओठ तासत जातो. मग तुम्ही सील देशी घाला की विलायती, फरक पडत नाही.

गळते कुठून?

आधी जॅक बाहेरून डिझेलने धुवून कोरडा पुसा. गळती बारीक असेल तर संशयाच्या सांध्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, मात्र रॉडवर नको. लोडर थोडा चालवा, मग बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा आणि नंतरच जवळ जाऊन पाहा.

रॉड आणि ग्लँड यांच्यामधून तेल येत असेल तर रॉडचे सील किंवा खुद्द रॉड. ग्लँड आणि नळी यांच्या सांध्यातून येत असेल तर तिथली ओ-रिंग. होज पाइपच्या टोकातून येत असेल तर जॅक उघडण्याचे कारणच नाही. नळीच्या वेल्डिंगमधून येत असेल तर तडा आहे, ते काम वर्कशॉपचे.

रॉडवर तेलाचा पातळसा ओशटपणा असणे हा दोष नव्हे. बोट फिरवले तर बोट ओशट व्हावे, इतके तेल रॉडला लागतेच. थेंब जमून खाली पडू लागला की मात्र दुरुस्तीची वेळ झाली. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर आठ तासांत जवळपास दीड लिटर तेल मातीत जाते. थेंबे थेंबे तळे साचे, पण हे तळे आपल्या खिशातून भरत असते.

बकेट आपोआप उतरते, तेव्हा

बाहेर थेंब नाही, पण उचललेली बकेट हळूहळू खाली बसते. अशा वेळी ‘पिस्टनचे सील गेले’ असा निकाल लगेच दिला जातो. राजेहो, इथे जरा थांबा आणि हिशेब करा.

भुजा खाली येते तेव्हा उचलणाऱ्या जॅकचा रॉड नळीत शिरतो. रॉडला आत जागा लागते. ३० मिलिमीटरचा रॉड दहा सेंटिमीटर आत गेला तर सुमारे ७० मिलिलिटर तेलाला नळीबाहेर जावेच लागेल. पिस्टनचे सील फाटलेले असले तरी तेल पिस्टनच्या या बाजूचे त्या बाजूला जाईल, नळीतच राहील. जॅकची दोन्ही तोंडे खरोखर बंद असतील तर रॉड आत जाणार कसा? म्हणजे भुजा उतरते आहे आणि बाहेर कुठे गळत नाही, तर तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून टाकीकडे परत जात आहे. आधी व्हॉल्व्ह पाहा. लेव्हर पूर्ण मधोमध येते का, स्पूल घासला आहे का, आत कचरा अडकला आहे का, हे तपासा. पिस्टनचे सील गेले असेल तर उतरण्याचा वेग वाढतो हे खरे, पण एकट्या पिस्टनच्या सीलवर सारा दोष टाकता येत नाही.

ट्रॉलीच्या एकेरी जॅकला तर हे आणखी उघड लागू पडते. त्यात तेल एकाच बाजूने येते-जाते. उभी ट्रॉली आपोआप बसत असेल आणि खाली डाग नसेल तर चोर व्हॉल्व्हमध्येच शोधावा.

बकेट वळवणाऱ्या जॅकची गोष्ट थोडी निराळी आहे. बहुतेक लोडरमध्ये भरलेली बकेट पुढे ओणवी होते तेव्हा रॉड बाहेर ओढला जातो. तिथे पिस्टनच्या सीलची शंका घ्यायला जागा आहे. तिची परीक्षा अशी : भुजा जमिनीवर टेकवा, बकेट पूर्ण मागे वळवून रॉड आत घ्या, इंजिन बंद करून दाब सोडा. आता पिस्टनच्या मागच्या बाजूचा होज काढून त्याच्या तोंडाला घट्ट बूच लावा. जॅकच्या उघड्या तोंडाखाली भांडे ठेवा, सगळ्यांना बाजूला करा, इंजिन सुरू करून बकेट मागे वळवण्याच्याच दिशेने लेव्हर हलकेच ओढा. उघड्या तोंडातून तेल येतच राहिले तर पिस्टनचे सील गेले. सुरुवातीचे चार थेंब पडून थांबले तर ते शाबूत आहे. भार असताना उचलण्याचा जोर कमी पडणे आणि तेल लवकर तापणे, हीही त्याची लक्षणे आहेत. पण पंप झिजला तरी तीच दिसतात. म्हणून परीक्षा केल्याशिवाय जॅक उघडू नये.

पाना हाती घेण्याआधी

एक वेळ दुरुस्ती चुकली तर पुन्हा करता येईल. पुढच्या गोष्टी चुकल्या तर पुन्हा संधी नाही.

बकेट जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करा. ब्रेक लावा, चाकांना पुढून-मागून अटकाव द्या. मग सगळ्या लेव्हर दोन-तीन वेळा पुढे-मागे करून अडकलेला दाब सोडा. भुजा वर ठेवूनच काम करायचे असेल तर दोन्ही भुजांना भार सोसेल असा लोखंडी टेकू द्या. विटा, दगड, लाकडी ओंडका चालणार नाही. वीट भार आला की फुटते आणि ओंडका सरकतो. ट्रॉलीखाली जायचे असेल तर ती रिकामी करून लोखंडी टेकू दिल्याशिवाय डोकेसुद्धा आत घालू नका. उचललेली ट्रॉली तेलावर उभी असते आणि तेल सुटायला एक होज फुटला तरी पुरे. ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणून खाली शिरणाऱ्याला ती दोन मिनिटे मिळतीलच असे नाही. लेकरांना तर अशा यंत्राजवळ फिरकू देऊ नये.

दुसरी गोष्ट, गळती कधीही हाताने चाचपू नका. होजच्या बारीक छिद्रातून उडणारे तेल डोळ्याला दिसत नाही, पण ते कातडी भेदून आत शिरते. जागेवर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र ते मांस सडवत जाते. शोधायचेच तर अंतर राखून जाड पुठ्ठा फिरवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. कोणाला असे तेल लागलेच तर हळद भरून घरी थांबू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोटच काय, हात गमावण्याची वेळ येते.

जॅक उघडताना

पिन काढण्याआधी जॅकला आधार द्या. दोन्ही होजना वेगवेगळ्या खुणा करा, तोंडांना स्वच्छ बूच लावा. काम अंगणातल्या धुळीत नको. ओसरीत स्वच्छ कागद पसरून करा.

ग्लँड काही जॅकना आट्यांचा असतो, काहींना आतून तारेच्या रिंगने अडकवलेला. आट्यांच्या ग्लँडला हुक पाना लावावा. छिन्नी-हातोड्याने ठोकून फिरवला तर कडा फुटते आणि पुढच्या वेळी कोणताच पाना धरत नाही. पिस्टन बाहेर येत नसेल तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हवेने तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तेल निथळू द्या आणि हातानेच ओढा. सील कोणत्या तोंडाने बसले होते, हे काढण्याआधीच कागदावर आकृती काढून ठेवा नाहीतर मोबाइलवर फोटो घ्या.

आधी रॉड, मग सील

आता खरी तपासणी. रॉड पुसून उजेडात धरा आणि अंगठ्याचे नख लांबीच्या दिशेने फिरवा. नख जिथे अडकेल तिथे सील कापले जाणार. खड्डे कशाने पडतात, तेही बघा.

पहिले कारण गंज. उन्हाळ्याची कामे आटोपली, मृग लागला की लोडर झाडाखाली उभा राहतो तो दिवाळीपर्यंत. रॉड बाहेर काढलेला असेल तर चार महिने पावसात भिजतो. वरचा क्रोमचा थर पातळ. त्याखाली गंज शिरला की पापुद्रा सुटतो.

दुसरे कारण वेल्डिंग. बकेटची पाती घासली म्हणून आपण जागेवरच वेल्डिंग करून घेतो. ठिणग्या उडून रॉडवर चिकटतात, त्यांचे दाणे सीलला सुरीसारखे लागतात. वेल्डिंग करताना रॉडवर ओले पोते गुंडाळा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. तो दूर ट्रॅक्टरला लावला तर वीज पिन आणि रॉडमधून वाट काढते, त्यानेही डाग पडतात.

तिसरे कारण झिजलेल्या पिना आणि बुश. भुजा डावी-उजवी डुलत असेल तर रॉडवर आडवा जोर येतो. मग ग्लँडमधला गाईड बुश एका बाजूने झिजतो, रॉड तिकडे झुकतो आणि सीलचा ओठ दुसऱ्या बाजूने उघडा पडतो. एकाच बाजूने चमकलेला रॉड दिसला की पिना-बुश बदलल्याशिवाय सीलला हात लावू नये.

चौथे कारण आपली काळी माती. तिची बारीक धूळ ओल्या रॉडवर बसते. ग्लँडच्या तोंडाशी असलेले वायपर तिला बाहेर ठेवते. वायपर कडक होऊन फाटले की माती आत, आणि मग तेलच पॉलिश पेपरचे काम करते.

रॉडवरचा बारीक टोचा असेल तर त्याची वर आलेली कडा मऊ तेलपथरीने बसवता येते. खड्डे खोल असतील किंवा क्रोम सुटला असेल तर दोनच मार्ग : रॉड घासून पुन्हा हार्ड क्रोम करणे, किंवा बाजारात तयार मिळणारा हार्ड क्रोम रॉड आणून टर्नरकडून आटे पाडून घेणे. रॉड वाकला आहे का, ते लेथवर फिरवून कळते. वाकलेला रॉड ठोकून सरळ केला तर क्रोमला भेगा जाण्याची भीती असते. तो बदललेला बरा. नळीच्या आत उभ्या चिरा असतील तर होनिंग करून घ्यावे लागते. हा खर्च सीलच्या किटपेक्षा जास्त येतो हे खरे. पण तीनदा सील, तीनदा तेल आणि ऐन हंगामात मोडलेले दिवस यांचा हिशेब लावा, मग महाग काय ते कळेल.

मापात पाप नको

सील आणायला जाताना नुसते जुने सील घेऊन जाऊ नका. ते तेलाने फुगलेले असते किंवा उन्हाने आकसलेले. माप व्हर्नियरने रॉडचे, खाचेच्या व्यासाचे आणि खाचेच्या रुंदीचे घ्यावे.

आणि इथे जुन्या ट्रॅक्टरची एक खोच आहे. इंग्लंड-अमेरिकेकडच्या जुन्या आराखड्याची यंत्रे इंचाच्या मापाची असतात, झेटरसारख्या युरोपीय आराखड्याची मिलिमीटरची. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. दुकानदार ‘जवळपास तेच’ म्हणून ३२ चे सील देतो. फरक पाव मिलिमीटरचा, पण तेलाला तेवढी वाट पुष्कळ झाली. लोडर मागाहून स्थानिक वर्कशॉपमध्ये बसवलेला असेल तर ट्रॅक्टर इंचाचा आणि जॅक मिलिमीटरचा, असेही असते. म्हणून ट्रॅक्टरचे नाव सांगून सील मागू नये, माप सांगून मागावे.

बसवताना

सगळे भाग स्वच्छ डिझेलने धुवा, पण पुसायला सुटे धागे निघणारी चिंधी नको. रुईचा एक तंतू ओठाखाली अडकला तरी तेल त्या वाटेने झिरपते. सील कोमट तेलात काही वेळ ठेवले की मऊ होते आणि बोटांनी काजूच्या आकारात दुमडून खाचेत बसवता येते. पेचकस वापरू नका. त्याचा ओरखडा दिसत नाही, पण गळती दिसते. रॉडच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नवे सील सरकतानाच कापले जाईल.

दिशा पुन्हा एकदा तपासा. रॉडच्या सीलचा ओठ आत तेलाकडे, वायपरचा ओठ बाहेर धुळीकडे. ओ-रिंगसोबत कडक पट्टी असेल तर ती दाबाच्या उलट्या बाजूला. पिस्टनचा नट सांगितलेल्या जोराने कसा आणि त्याला लॉकटाइट लावा. तो आत सुटता कामा नये.

जॅक चढवल्यावर भार न देता, इंजिन मंद ठेवून पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे हवा निघते. मग बकेट जमिनीवर ठेवून, रॉड आत घेऊन तेलाची पातळी पाहा. तेल यंत्राच्या पुस्तकात सांगितलेलेच घाला. कित्येक जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, कित्येक लोडरची टाकी वेगळी असते. त्यामुळे शेजाऱ्याने घातले ते आपल्याला चालेलच असे नाही. ब्रेक ऑइल तर थेंबभरही नको, त्याने सीलचे रबर फुगून खराब होते. तेल दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी गेले आहे, ते बदला आणि फिल्टरही बदला. काढलेले तेल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्या.

पुन्हा गळू नये म्हणून

काम संपले की रोज रॉड पुसा. महिन्यातून एकदा पिना-बुश हलवून पाहा आणि ग्रीस द्या. पावसाळ्याआधी लोडर छपराखाली घ्या, बकेट मागे वळवून जमिनीवर टेकवा म्हणजे रॉड शक्य तितके आत राहतील. जेवढा भाग उघडा राहील त्याला ग्रीस फासा. दिवाळीनंतर काम सुरू करताना ते ग्रीस आधी पुसून काढा, नाहीतर त्यात बसलेली धूळ सील खाईल.

मिस्त्री आला म्हणजे ‘सील बदलून दे’ असे न म्हणता ‘सील का गेले ते सांग’ असे म्हणा. चांगल्या मिस्त्रीला हा प्रश्न आवडतो. तो रॉडवर नख फिरवील, पिना हलवून पाहील आणि मगच पाना हातात घेईल. अशा माणसाला मजुरीचे चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.